काळकाईपुढे हॉलीवूडचं गाऱ्हाणं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण पुढे मी थोडी गंभीर होणार आहे, आणि मी गंभीर झाले की माझी फजिती होते, असा आजवरचा अनुभव आहे. या वेळी तर दोष द्यायला दुसरं कोणी सापडतही नाही. तोंड माझं, आवाज माझा, आणि भरल्या देवळात सगळ्यांच्या आधी निघालेला होकारही माझाच!

मी पोलादपूरजवळच्या डोंगरातल्या एका वाडीची. बाबा महाडला शिक्षक, म्हणून शाळा महाडात आणि सुट्टी वाडीवर. पुढे चित्रकला शिकायला पार उत्तरेत गेले, काही वर्षं तिकडेच राहिले, आणि परत आले ती डोक्यात एक खूळ घेऊन. इथल्या मुलांना चित्रांतून गोष्ट सांगायला शिकवायचं! पोलादपूरच्या हायवेवर बबनदादाचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, त्याच्या वरची खोली घेतली आणि वर्ग सुरू केला. खाली टायर फुगायचे, वर आमची स्वप्नं.

दुसरं खूळ ॲनिमेचं. जपानी चित्रमालिका हो! 'कार्टून' म्हणालात तर हातातला चहा काढून घेईन.

त्यातली एक मालिका माझ्या जिवाची. नाव सांगत नाही, नाव घेतलं की अजून धाकधूक होते. गोष्ट एवढीशी. नदीकाठचं गाव आहे, पूर येतो, बाजारपेठ पाण्याखाली जाते, आणि एक मुलगी होडी घेऊन गल्ल्यांमधून फिरते. बुडालेली घरं तिच्याशी बोलतात आणि ती ऐकते. मारामारी नाही, जग वाचवणं नाही. फक्त ऐकणं.

महाडमध्ये वाढलेल्या माणसाला यातलं काय समजावून सांगायचं? सावित्री नदी बाजारात शिरली की आम्ही वरच्या मजल्यावरून दुकानांच्या पाट्या बुडताना बघायचो. पाणी उतरल्यावर भिंतीवर चिखलाची एक रेघ राहायची. रंग मारला तरी ती रेघ कुठे होती ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. त्या मालिकेत ती रेघ आहे! जपानमधल्या कुणा चित्रकाराने ती बरोबर त्याच मातकट रंगात काढली आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी परक्या शहरातल्या खोलीत हमसून रडले होते. परत यायचं तिथेच ठरलं, असं म्हटलं तरी चालेल.

परत आल्यावर मी ती मालिका मोबाइलवर काशीआत्यालाही दाखवली. काशीआत्या म्हणजे वाडीवरची बाबांची आत्या. तोंडात दात नाहीत, पण जीभ चांगली धारदार. तिला जपानी कळत नाही आणि मराठीतही ती फारसं कोणाचं ऐकून घेत नाही. पण दोन भाग गप्प बसून बघितले आणि म्हणाली, "ही पोर आपल्या सावित्रीवरची काय गो?"

बघा! कळली तिला!

आता झालं असं की, हॉलीवूडला जपानी मालिकांचा नाद लागलाय. चित्रांच्या जागी खरी माणसं घ्यायची आणि सिनेमा काढायचा. लाइव्ह-ॲक्शन म्हणतात त्याला. पुढचा नंबर कुठल्या मालिकेचा, यावर इंटरनेटवर रोज वाद. कोणी म्हणे यंत्रमानवांची, कोणी म्हणे व्हॉलीबॉल खेळणाऱ्या शाळेची. आणि एके दिवशी त्या वादात माझ्या मालिकेचं नाव आलं.

माझं जेवणावरचं लक्ष उडालं. यापूर्वीचे असले सगळे सिनेमे मी काशीआत्याला शेजारी बसवून बघितले होते आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य म्हटलं होतं, "मूळच बरं होतं." आता माझ्या होडीवाल्या मुलीचं काय होणार ते मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं. दहा वर्षांच्या पोरीच्या जागी पंचविशीतली नटी! होडीला इंजिन! शेवटी धरणावर स्फोट, आणि घरं बोलायची ती इंग्रजीत, तीही विनोद करत!

मी इंटरनेटवर निषेध लिहिले, अनोळखी लोकांशी भांडले, जगभरच्या चाहत्यांच्या सह्या गोळा केल्या. शेवटी आई म्हणाली, "एवढं जिवाला लावून घेतलंयस तर देवदिवाळीला वाडीवर चल. देवी काळकाईपुढे गाऱ्हाणं घाल."

मी शिकलेली, तर्काने चालणारी मुलगी. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "कधी निघायचं?"

गाऱ्हाणं म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. देवीला आपण थेट काही सांगायचं नसतं. आपलं काम मानकऱ्याच्या कानात सांगायचं. मग तो सगळ्या वाडीदेखत ते खड्या आवाजात देवीपुढे मांडतो. तो श्वास घ्यायला थांबला की जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" हा होकार आमच्याकडे पोरांना शिकवावा लागत नाही. चालायला लागायच्या आधी येतो. देवळात 'महाराजा' ऐकलं की तोंड आपोआप उघडतं.

आमचे मानकरी आबा. नात्याने बाबांचे चुलतभाऊ, आवाज असा की घाटातल्या ट्रकने हॉर्न द्यायची गरज नाही. त्या दिवशी ते आधीच वैतागलेले होते. शिमग्याच्या खेळ्यात संकासूर व्हायचा बबनदादा, आणि त्याच्या गुडघ्याने त्याला दगा दिला होता. संकासूर म्हणजे काळा पायघोळ अंगरखा, उंच टोकदार टोपी, तोंडावर मुखवटा, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पालखीपुढे तो नाचला नाही तर शिमगा कसला? वाडीची तरणी मुलं सगळी मुंबईला, सराव करायला कोणाला रजा मिळत नाही. तेव्हा आबा चिंतेत होते. हे मी लक्षात ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं.

"बोल सायले, काय मागायचं?" आबांनी कान पुढे केला.

"आबा, एक मालिका आहे माझी. म्हणजे मला फार आवडते. हॉलीवूडवाले तिचा खऱ्या माणसांचा सिनेमा करणार म्हणतायत. तो त्यांनी करू नये."

"करू नये?"

"करू नये."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू म्हशीला दूध येऊ नये म्हणून मागतेय. "अगो, देवीपुढं 'नको' असं मागत नायत. पाऊस जास्त झाला तरी आपन 'उघडीप दे' म्हनतो, 'पाऊस नको' म्हनत नाय. मागनं म्हंजे 'दे'!"

मला हे पटलं. खरं तर सुंदरच वाटलं. 'नको' शब्दच नसलेली प्रार्थना! मी भारावून म्हटलं, "मग त्यांना बुद्धी दे, असं म्हणा."

"ते मी बघतो. तू नारळ धर."

आबा उभे राहिले. "हे आई काळकाई! तुझ्या वाडीची लेक सायली, लांब शिकली, चार बुकं जास्ती शिकली, तरी तुझ्या पायाशी परत आली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझ्या डोळ्यांत पाणी.

"तिची एक शिरेल हाय. त्या शिरेलीवर सायबाच्या देशातल्या मान्सांची नजर हाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या सायबांना तू बुद्धी दे..."

मी सुटकेचा श्वास सोडला.

"...आनि त्या शिरेलीचा खऱ्या मान्सांचा शिनेमा, जसा हिच्या मनात हाय तसा, लवकरात लवकर होऊ दे, म्हाराजा!"

आणि सगळ्या देवळात पहिला, सर्वांत मोठा, खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

तो माझा होता.

मी तोंडावर हात ठेवला. नारळ हातात होता, त्यामुळे नारळ तोंडावर बसला. तेवढ्यात आबांनी पुढचं घेतलं, "तसं झालं तर ही पोर येत्या शिमग्याला संकासूर होऊन तुझ्या पालखीपुढं नाचंल, म्हाराजा!"

ओठ नारळाने सुजले होते. तरी आवाज आलाच.

"व्हय म्हाराजा!"

बाहेर आल्यावर मी आबांना गाठलं. "आबा, उलटं मागितलंत!"

"उलटं कसं? लोक आपलं काम पडद्यावर यावं म्हनून मरतात. तू लाजून बोलतेस ते मला कळत नाय व्हय?"

"अहो, मी लाजत नव्हते. परत घ्या ते."

"गाऱ्हानं परत घ्यायला ते काय एसटीचं रिझर्वेशन हाय?"

झालं! संध्याकाळपर्यंत वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर निरोप फिरला, 'आपल्या वाडीच्या कन्येची मालिका हॉलीवूडला! सार्थ अभिमान!' खाली माझा दोन वेण्यांचा शाळेतला फोटो. मी ताबडतोब लिहिलं, 'मालिका माझी नाही, जपानी लोकांची आहे.' त्यावर उत्तरं आली, 'पाय जमिनीवर आहेत पोरीचे', 'हेच खरे संस्कार', आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग.

महाडच्या बाजारात कापडाच्या दुकानदारांनी मला हाक मारून बसवलं, चहा मागवला. "हिरॉइन कोण घेणार मग?"

"काका, माझं काही नाही हो त्यात. मला फक्त आवडते ती मालिका. सिनेमा होऊच नये असं वाटतंय मला."

त्यांनी गल्ल्यावरच्या मुलाकडे वळून सांगितलं, "बघ. मोठं झालेलं माणूस असं बोलतं."

नाकारावं तितकी मी मोठी होत होते! तेव्हा ठरवलं, एकदा सगळ्यांना बोलावून नीट सांगायचं. लाइव्ह-ॲक्शन म्हणजे काय, कुठल्या मालिकांवर ही पाळी आलीय, आणि त्यांना हात का लावू नये. वर्गातच भाषण ठेवलं. स्वतःच्या हाताने फलक रंगवला, बबनदादाच्या दुकानावर लावला, एक एसटी स्टँडजवळ लावला. आणि माझ्या बुद्धीची कमाल बघा, फलकावर काय लिहावं मी? 'हॉलीवूड : पुढचा नंबर कोणाचा?'

रविवारी जिना भरला. खोली भरली. लोकांच्या हातात पासपोर्ट फोटो! एक बाई पोरीला भरतनाट्यमच्या वेषात घेऊन आल्या होत्या. कशेडी घाटाच्या पलीकडून एक गृहस्थ आले, त्यांनी स्वतःचा नाही, बैलजोडीचा फोटो आणला होता. "मान्सं काय, कुठंबी मिळतात," म्हणाले. आबा पहिल्या रांगेत. काशीआत्या त्यांच्या शेजारी, खुर्चीवर मांडी घालून. आणि दाराशी बबनदादा, गुडघ्याला पट्टा, हातात गोणपाट. गोणपाटातून टोकदार टोपीचं टोक बाहेर आलेलं.

मी आधी खुलासा केला. मालिका माझी नाही, निवड नाही, कोणाला घेणार नाहीत. बैलांनाही नाही. खोलीतली हवा खाली दुकानात सुटावी तशी फुस्स झाली. पण कोणी उठलं नाही. आमच्याकडे आलेला माणूस ऐकून जातो.

मग मी रंगात आले. अगदी मनापासून बोलले. चित्रातल्या माणसाला वय नसतं, वजन नसतं, त्याचा घाम दिसत नाही, म्हणून आपण त्याच्यात शिरू शकतो. त्या जागी हाडामासाचा माणूस उभा केला की आपल्याला फक्त तो माणूसच दिसतो. सोंग दिसतं, जीव दिसत नाही. "म्हणून काही गोष्टी चित्रातच राहाव्यात!" असं म्हणून मी टेबलावर हात आपटला.

मग दारातून बबनदादा म्हणाला, "म्हंजे संकासूरबी भिंतीवरच बरा?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच विचारायचं होतं. आदल्या वर्षापर्यंत तो नाचत होता आणि आता नाचता येत नव्हतं. त्याला बहुधा कोणीतरी सांगायला हवं होतं की त्याने फार काही चांगलं गमावलेलं नाही.

"तुमचं वेगळं आहे, दादा," मी म्हटलं.

"कसं?"

देवळाच्या भिंतीवर संकासुराचं चित्र आहे, पूर्वीच्या कोणी काढलेलं. त्याला कधी कोणी भ्यालेलं आठवत नाही, पोरं त्याच्या नाकाला चुना लावतात. मी भ्यायचे ती बबनदादाला. काशीआत्याच्या लुगड्यामागे लपायचे. आणि आतला बबनदादाच आहे हे मला पक्कं ठाऊक असायचं, कारण संकासुराच्या अंगाला पंक्चरच्या सोल्युशनचा वास यायचा! घाम दिसायचा, वास यायचा, तरी भीती खरी होती. माझ्या सगळ्या सिद्धांतात हा वास कुठे बसत नव्हता.

"विचार करून सांगते," एवढंच म्हणाले मी. काशीआत्या उठता उठता मोठ्याने म्हणाली, "मोबाइलमधीच बरी बोलते ही."

पुढे बरेच दिवस मी तो विचार खरोखर करत होते. मला मालिकेची काळजी होती, की आपली एकटीची गोष्ट चार लोकांच्या हाती जाईल याची? अजून नक्की सांगता येत नाही. आणि शिमगा तोंडावर आला असताना, वर्ग चालू असताना, मोबाइलवर बातमी आली. हॉलीवूडने जाहीर केलं होतं. पुढचा लाइव्ह-ॲक्शन सिनेमा पूरग्रस्त गावातल्या होडीवाल्या मुलीचा!

मी मुलांसमोर रडले. खाली बातमी पोचली तेव्हा बबनदादाने आनंदाच्या भरात एक जुनी ट्यूब फुटेपर्यंत फुगवली. महाडच्या दुकानदारांनी पेढे पाठवले. जगभरच्या चाहत्यांनी एकमेकांना विचारलं, असं झालंच कसं? कोणी बाजाराला दोष दिला, कोणी निर्मात्यांना. पृथ्वीवर खरं कारण फक्त मला आणि आमच्या वाडीला माहीत होतं.

आबा स्वतः आले. "देवीनं ऐकलं गो! आता नवस."

"आबा, खरं सांगा. संकासुराचं तुम्ही मुद्दाम घातलंत ना गाऱ्हाण्यात?"

आबांनी छताकडे बघितलं. "नाचायला मानूस पायजेलच होता."

बाईने संकासूर व्हावं का, यावर वाडीत एक बैठक झाली. पण माझा होकार साऱ्यांनी ऐकला होता, दोनदा. मग दुकानामागच्या मोकळ्या जागेत बबनदादा टायरवर बसून मला शिकवायला लागला. "पाय नको आपटू. खांद्यातनं ये. तू नाचत नायस, तो नाचतोय असं कर." मी चित्रकला शिकलेली, पण हे वाक्य मला कुठल्याच वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

शिमग्याला पालखी निघाली. ढोल वाजला. मी काळा अंगरखा घालून उतरले आणि पहिल्याच उडीत टोपीचं टोक आंब्याच्या फांदीत अडकलं. सोडवली तर दाढी तोंडात गेली. गिरकी घेतली ती मृदंगवाल्यावर जाऊन थांबली. पोरं भिण्याऐवजी माझ्यामागे हसत धावत होती. एका लेकराने तर मला बिस्कीट देऊ केलं! संकासुराला! बिस्कीट!

मुखवट्याच्या भोकांतून जग टीचभर दिसतं. त्या टीचभर जागेत एकदा एक लहान मुलगी आली. माझ्याकडे बघितलं आणि आईच्या पदरामागे गेली. फक्त ती एक. पण त्या क्षणी घुंगरांचा आवाज माझा नव्हता, हे मी शपथेवर सांगते. आणि नाचता नाचता मला वाटून गेलं, तिकडेही कोणीतरी नटी घामाघूम होऊन माझ्या मुलीची होडी वल्हवत असेल. तिलाही असा एखादा क्षण मिळो. हे मी देवीकडे मागितलं. 'दे' असंच मागितलं. आबांना मध्ये न घेता!

पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली. मी मुखवटा काढला. चेहरा लालबुंद, दाढीचे धागे ओठांना चिकटलेले. काशीआत्या पारावर बसली होती. तिच्यापुढे जाऊन उभी राहिले, छाती फुललेली.

"आत्या, कशी झाले?"

तिने मला टोपीपासून घुंगरांपर्यंत निरखलं. मग मायेने गालावरून हात फिरवला आणि म्हणाली,

"बरी झालीस गो. पर मूळच बरं होतं."